कृष्णदेवरायाचं सुवर्णयुग ठीक, पण कुळाच्या खळ्यावर काय उरत होतं?

काळी माती:

'रणभेरी' यांनी कृष्णदेवरायावर टाकलेला लेख वाचला आणि गप्प बसवेना. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी सार सांगतो. १५०९ ते १५२९ या वीस वर्षांत विजयनगरात एकही माणूस उपाशी झोपला नाही. रायाने एकाही शत्रूला माफ केलं नाही. पंढरपूरची विठ्ठलमूर्ती त्याने संकटातून वाचवून हंपीला, आपल्या राजधानीत, नेली. तो धर्मासाठीच लढला. आणि तो आणखी दहा वर्षं जगता तर तालिकोट, म्हणजे १५६५ ची विजयनगर बुडवणारी लढाई, झालंच नसतं. खाली सगळ्यांचे हात जोडलेले. तिथे दोन ओळींत उत्तर देण्यासारखं नव्हतं, म्हणून वेगळा धागा.

उपाशी कोणी झोपलं नाही, हे कोणी सांगितलं? विजयनगरात राहून लिहिणारे दोन पोर्तुगीज सगळ्यांना माहीत आहेत. डोमिंगो पेस १५२० च्या सुमारास तिथे होता. बाजार, हिरे, महानवमीचा सोहळा, सगळं त्याने डोळे भरून पाहिलं आणि शहर रोमएवढं आहे असं लिहून ठेवलं. तुमच्या लेखातले झाडून सगळे उतारे त्याचे. दुसरा नूनिझ. तो लिहितो की जमीन सगळी राजाची. राजाकडून ती नायकांकडे, म्हणजे त्याच्या सरदारांकडे, जाते, नायकांकडून कुळांकडे, आणि कूळ पिकाच्या दहा वाट्यांतले नऊ धन्याला देतं. सामान्य रयतेचे फार हाल होतात, हेही तोच लिहितो. यातली एक ओळ तरी लेखात आहे का? दोनशेच्या वर नायक होते. प्रत्येकाने ठरलेली फौज पोसायची आणि ठरलेली रक्कम राजाकडे भरायची. फौजेचा खर्च आणि राजाची रक्कम निघत होती ती कोणाच्या तरी खळ्यावरूनच ना?

माझे आजोबा कूळ होते, मराठवाड्यात, निजामाच्या काळात. मळणी झाली की इनामदाराचा माणूस खळ्यावर येऊन बसायचा. आधी त्याचं माप, मग देवाचं, मग बलुत्यांचं, आणि तळाला राहील ते घरी. माझ्या आत्या सांगायच्या की इनामदार गावात दानशूर म्हणून प्रसिद्ध होता, त्याने देऊळ बांधलं होतं, अन्नछत्र चालवलं होतं. ते अन्नछत्र आमच्या ज्वारीवर चालायचं. १९५० चा कूळकायदा आला तेव्हा आजोबांना आपल्या नावाचा कागद पहिल्यांदा दिसला. म्हणून कोणी 'सुवर्णयुग' म्हणालं की मला आधी खळं दिसतं.

दुसरा मुद्दा, शत्रूला माफ न करण्याचा. ओरिसाच्या गजपती राजाशी लढताना उदयगिरीला दीड वर्ष वेढा, १५१५ मध्ये कोंडवीडू, १५१६ मध्ये थेट सिंहाचलम. एवढं झाल्यावर तह करून त्याने कृष्णेच्या उत्तरेचा मुलूख प्रतापरुद्र गजपतीला परत दिला आणि त्याच्या मुलीशी लग्न केलं. १५२० मध्ये रायचूर जिंकलं तेव्हा गावातल्या लोकांना लुटू नका असा हुकूम काढला. बहमनी राजपुत्राला गादीवर बसवलं आणि 'यवनराज्यस्थापनाचार्य', म्हणजे यवनांचं राज्य पुन्हा बसवणारा, असं बिरुद अभिमानाने मिरवलं. हा माणूस जिंकून परत देणारा होता, आणि मला त्यात त्याचं मोठेपण दिसतं. तुम्ही ते मोठेपणच पुसून टाकता आणि त्याला निव्वळ सूडाचा पुतळा करता.

तिसरा, दहा वर्षांचा. शेवटची पाचेक वर्षंच तर राज्याला भोवली. सहा वर्षांच्या मुलाला गादीवर बसवलं, तो मुलगा मेला, विषाचा संशय त्याचा प्रधान तिम्मरसू याच्यावर आला. ज्याला 'अप्पाजी' म्हणून हाक मारली, ज्याने राज्य उभं करून दिलं, त्या म्हाताऱ्याचे डोळे काढले. पुढे ज्याच्या हट्टापायी १५६५ ओढवलं तो अळिय रामराय याच घरचा जावई.

विठ्ठलमूर्तीबद्दल मी काही बोलत नाही, तो माझा विषय नाही.

रणभेरी:

उत्तर अपेक्षितच होतं. नूनिझ घोड्यांचा व्यापारी. त्याने लिहिलं १५३५ च्या पुढे, म्हणजे राया गेल्यावर, अच्युतरायाच्या अमदानीत. तेव्हाची स्थिती मागच्या राजाच्या माथी कशी मारता? आणि दहातले नऊ वाटे देऊन कोणतं कूळ पुढच्या पेरणीपर्यंत जगेल? शेती कळणाऱ्या माणसाने तरी हा आकडा तपासायला हवा होता.

१५१७ चा लेख पाहा. चोळमंडलातल्या शैव आणि वैष्णव देवळांवरचा १०,००० वराहांचा (सोन्याच्या नाण्यांचा) कर रायाने माफ केला. १५२१ मध्ये तुंगभद्रेवर बंधारा घालून बसवण्णा कालवा काढला, तो आज ५०० वर्षांनी वाहतो आहे. रोज पहाटे तिळाचं तेल पिऊन, अंगाला तेच चोळून, वजनं उचलून, मल्लाबरोबर कुस्ती खेळून, घोडा फेकून मग दरबारात बसणारा राजा. हे पेसने स्वतः लिहिलं आहे. असा माणूस रयतेला नागवेल?

तुमच्या आजोबांचं दुःख खरं आहे, त्याबद्दल माझ्या मनात आदर आहे. पण ते निजामाच्या राज्यातलं आहे.

मी लहान असताना वडिलांबरोबर हंपीला गेलो होतो. १५२८ मध्ये रायाने एका दगडातून घडवून घेतलेला तो नरसिंह, मांडीवरची लक्ष्मी फोडलेली, हात तोडलेले. माझे वडील शिस्तीचे, पोलीस खात्यातले, घरात कधी आवाज चढला नाही की डोळ्यांत पाणी नाही. त्या मूर्तीपुढे ते रडले. मी त्या दिवसापासून कृष्णदेवराय वाचतो आहे. तुम्हाला खळं दिसतं, मला ती मूर्ती दिसते. दोघांनाही घरातूनच दिसतं.

काळी माती:

कर माफ झाला तो देवळांना. कुळाला काय मिळालं ते सांगा.

संडूरचा:

मी बोलायलाच हवं, कारण तुम्ही दोघे ज्या पाण्यावरून भांडता आहात ते आमचं आहे. आम्ही संडूरचे, घोरपड्यांच्या संस्थानातले. घरी मराठी, बाहेर कन्नड, चार पिढ्या झाल्या. माझ्या मामांची जमीन होसपेटजवळ, बसवण्णा कालव्याखाली. केळी आणि ऊस. तुंगभद्रेचं धरण झालं तरी हा जुना कालवा वाहायचा थांबलेला नाही. मामा कोणत्याही राजाबद्दल चार शब्द चांगले बोलायचे नाहीत, पण कालव्यात उतरताना आधी हात जोडायचे. मी विचारलं तर म्हणायचे, रायाचं पाणी आहे.

आता दुसरी बाजू. होसपेटहून संडूरला येताना एक लांबलचक उंच बांध लागतो, रस्ता त्याच्यावरूनच जातो. तो रायाच्या तलावाचा बांध. रायर केरे. त्याने आईच्या नावाने नागलापूर वसवलं, त्याच्यासाठी हा तलाव. पेस म्हणतो की पंधरा-वीस हजार माणसं कामावर होती. बांध दोनतीनदा फुटला. मग ब्राह्मणांनी सांगितलं की देवाला बळी हवा, आणि रायाने साठ माणसांची, काही घोड्यांची आणि म्हशींची मान उतरवायला लावली. हेही पेसच लिहितो, रणभेरी. तोच पेस, पहाटेचं तेल पाहणारा. त्याचे उतारे घेताना हा का वगळला?

आणि आज त्या तलावात पाणी नाही. मी या रस्त्याने शाळेत गेलो, पुढे याच रस्त्याने खनिजाचे ट्रक गेले, सगळं लाल झालं. मामांच्या शेवटच्या वर्षांत कालव्याच्या शेपटाला पाणीच येत नव्हतं. कार्यालयात अर्ज दिले, साहेब म्हणायचे वरच्या लोकांनी उचललं, आम्ही काय करणार. पाचशे वर्षांपूर्वीच्या राजाचं पाणी पोचत होतं आणि आजच्या खात्याचं पोचत नाही, हा राग मी कुठे मांडू? म्हणून मला तुमची दोघांची भांडणं अर्धी वाटतात. बळीही खरे, पाणीही खरं.

वाळवंटी टाळ:

राम कृष्ण हरी. धागाकर्ते म्हणतात विठ्ठलमूर्ती हा त्यांचा विषय नाही. मग कोणाचा आहे? रणभेरी यांनी 'वाचवून नेली' असं लिहिलं आणि कोणाला काहीच वाटलं नाही, याचं मला जास्त वाईट वाटलं.

वाचवून नव्हे, नुसती नेली. आमचा देव त्या राजाला हवासा वाटला म्हणून नेला. पंढरपुरात वारकरी आले तर विटेवर देव नाही. तेव्हा पैठणचे भानुदास महाराज, नाथबाबांचे पणजोबा, एकटे विद्यानगरला, म्हणजे विजयनगरला, गेले. देवाने आपल्या गळ्यातला हार त्यांना दिला, राजाने चोरीचा आळ घेतला, सुळावर चढवायला नेलं, आणि सुळाला पालवी फुटली. मग राजा शरण आला आणि देव भानुदासांबरोबर परत निघाला. कार्तिकीला पंढरीत आला असं आम्ही ऐकत आलो. देवळातच भानुदास महाराजांची समाधी आहे, जाऊन डोकं टेकवा.

आमचे आजोबा पैठणच्या दिंडीत चालायचे आणि मुक्कामाला कीर्तन करायचे. भानुदासांचं आख्यान लावलं की सुळाच्या प्रसंगाला सगळा मंडप उभा राहायचा. मला अक्षरओळख होण्याआधी हे आख्यान पाठ होतं. त्यात राजा मोठा नाही, भक्त मोठा आहे. आणि आता त्याच प्रसंगातून भानुदास काढून टाकायचे आणि राजाला देवाचा रक्षक ठरवायचं? हे मी ऐकून घेणार नाही.

शिलालेख वाचक:

माउली, तुमच्या आजोबांना नमस्कार. पण इथे काही गोष्टी मांडल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

भानुदासांची ही कथा विस्ताराने येते ती संतचरित्रकार महिपतींच्या भक्तविजयात, १७६२ मध्ये. म्हणजे प्रसंगानंतर अडीचशे वर्षांनी. त्यात राजाचं नाव रामराजा आहे, कृष्णदेवराय नव्हे. रामरायाच्या हातात कारभार आला १५४२ नंतर. भानुदासांचं निधन परंपरेने १५१३ मध्ये मानतात. मग कोणीतरी हिशोब जुळवण्यासाठी रामराजाच्या जागी कृष्णदेवराय बसवला, आणि तेच आता सगळीकडे छापलं जातं.

हंपीचं विठ्ठल मंदिर कृष्णदेवरायाच्या आधीपासून उभं आहे. १५१३ मध्ये त्याने आणि राण्यांनी तिथे दानं दिली, गोपुरं बांधली, पुढे शंभर खांबांचा मंडप बांधला. १५५४ मध्येही तिथे बांधकाम चालूच आहे. मूर्ती पंढरपूरला परत गेली असती तर चाळीस वर्षं ही दानं कोणासाठी?

सगळ्यात मोठी गोष्ट. उदयगिरी जिंकल्यावर तिथला बाळकृष्ण त्याने हंपीला आणला. १५१५ मध्ये त्याच्यासाठी स्वतंत्र देऊळ बांधलं आणि मूर्ती कुठून आणली हे दगडावर कोरून ठेवलं. त्या बाळकृष्णाचं नाणंसुद्धा पाडलं. देव आणला की सांगायचं, अशी या राजाची रीत. पंढरीचा विठ्ठल आणला असता तर तो गप्प राहिला असता का? पंढरपूर काही आडगाव नव्हतं. १२३७ मध्ये होयसळ सोमेश्वराचा लेख तिथे आहे, १२७३ पासूनचा देणग्यांचा चौऱ्याऐंशीचा लेख आहे. कर्नाटकातल्या कोणत्याही राजाला ते क्षेत्र माहीत होतं.

मी हे पंचवीस-तीस लेखांच्या छापांवरून बोलते आहे, कीर्तनावरून नाही.

वाळवंटी टाळ:

ताई, शेवटचं वाक्य लिहायची गरज नव्हती. कीर्तनावरून बोलणारे खोटं बोलतात असं म्हणायचं आहे का तुम्हाला?

दगडावर कोरलं नाही म्हणून घडलं नाही, हे कुठलं शास्त्र? उदयगिरी त्याने लढून जिंकलं, म्हणून मिरवलं. पंढरपूर त्याच्या राज्यात नव्हतं, बहमनी-विजापूरच्या मुलखात होतं. तिथून देव न्यायचा म्हणजे लपवूनच न्यावा लागणार. लपवून आणलेल्या देवाचा लेख कोण कोरेल?

आणि चाळीस वर्षांच्या दानांचं म्हणाल तर, मूळ मूर्ती गेली तरी देऊळ रिकामं ठेवतात का? दुसरी बसवून पूजा चालू राहिली असेल.

शिलालेख वाचक:

'असेल', 'असणार'. पुरावा मागितला की एवढंच हाती येतं.

वाळवंटी टाळ:

तुमच्या हाती तरी काय आहे? लेख नाही, एवढंच. शेकडो वर्षं माणसं पायी चालत आली, एका कुळात एक आठवण जपली, तिला किंमत शून्य आणि एखाद्या सरदाराने दानाचा दगड रोवला की तो सत्य. गरिबाला दगड कोरून घ्यायला पैसे नव्हते. धागाकर्ते कुळांबद्दल एवढं बोलतात, त्यांनी सांगावं की कुळांचा इतिहास कुठल्या शिलालेखात आहे.

काळी माती:

हे मात्र तुम्ही नेमकं बोललात. माझ्या आजोबांचा एकही शिलालेख नाही. तरी माउली, आठवण जपली जाते तशी ती बदलतेही. माझ्या आत्याच्या आठवणीत इनामदार गोरापान होता आणि काकांच्या आठवणीत काळा. आता कृपा करून मूळ विषयाकडे येऊ या का?

रणभेरी:

मूळ विषयाकडे येण्याआधी मला उत्तर देऊ द्या. मी 'वाचवून' लिहिलं, कारण त्या काळात पंढरपूरवर संकट नव्हतं असं कोणी म्हणू शकत नाही. देवळं पडत होती. एका हिंदू राजाने देव आपल्याकडे सुरक्षित नेला यात वारकऱ्यांचा अपमान कुठे आहे?

शिलालेख वाचक:

१५०९ ते १५१३ या काळात पंढरपूरच्या देवळावर चाल झाल्याचा एक दाखला द्या. मी वाट पाहते.

तुम्ही दोघे एकमेकांवर ओरडता आहात, पण मूर्ती हंपीला गेली हे दोघांनीही गृहीत धरलं आहे. मला तेच मान्य नाही. विठ्ठलाची भक्ती तुंगभद्रेकाठी आपल्या आपण होती. पुरंदरदास आणि इतर अनेक हरिदास, म्हणजे कन्नड संतकवी, विठ्ठलाचं नाव घेऊन रचना करत होते. पुरंदरदास पुरंदरगडाचे असं आपल्याकडे अभिमानाने सांगतात, तेही परंपरेनेच. तेनाली रामकृष्णाने तेलुगूत 'पांडुरंग माहात्म्यमु' लिहिलं, थेट पंढरीवर. भक्ती पसरायला मूर्ती पळवावी लागत नाही.

वाळवंटी टाळ:

हे शेवटचं वाक्य मला पटलं. बाकीचं नाही.

मांडवी तीर:

देव वाचवणारा राजा म्हणून जो कोणी त्याचं नाव घेतो त्याला गोव्यातून एक प्रश्न. आमचे देव कोणी वाचवले?

२५ नोव्हेंबर १५१० ला पोर्तुगीज आल्बुकर्कने गोवा दुसऱ्यांदा घेतला. त्याच वर्षी त्याने फ्रायर लुईस नावाचा आपला वकील विजयनगरला पाठवला होता. बोलणं कशाचं? घोड्यांचं. नूनिझ म्हणतो की राजा वर्षाला १३,००० घोडे विकत घ्यायचा, इराणच्या आखातातल्या होर्मुझ बंदराचे आणि देशी. होर्मुझचा घोडा गोव्याच्या धक्क्यावर उतरायचा. ज्याच्या हातात धक्का त्याच्याशी राजाची दोस्ती. रायचूरला क्रिस्तोव्हांव द फिगैरेदू वीस बंदूकवाले घेऊन रायाच्या बाजूने लढला, तटावरचे शिपाई टिपून काढले. त्याच वेळी आदिलशहा तिकडे गुंतलेला पाहून गोव्याचा कप्तान रुय द मेलो याने गोव्याभोवतालचा मुलूख गिळला. म्हणजे रायचूरच्या विजयात पोर्तुगीजांनाही वाटा मिळाला, आणि तो आमच्या जमिनीतून मिळाला.

आमचं कुळदैवत साष्टीतलं. १५६० नंतर देवळं पडायला लागली तेव्हा पूर्वजांनी रात्री देव उचलून नदीपलीकडे अंत्रूजला, आजच्या फोंड्याकडे, नेला. मंगेश कुशस्थळीहून असाच गेला. आजही आम्ही दर्शनाला नदी ओलांडून जातो आणि मूळ जागेवर उभं राहावं तर तिथे दुसऱ्याचं प्रार्थनास्थळ आहे. माझी आजी तिथून जाताना पदर डोक्यावर घ्यायची, कोणी विचारलं तर बोलायची नाही. आम्हाला हंपीहून कोणी आलं नाही. आमच्या देवाला आमच्याच लोकांनी खांद्यावर नेलं.

रणभेरी:

तुमच्या आजींबद्दल आदर आहे. पण १५६० मध्ये काय होणार हे १५२० मध्ये रायाला कसं दिसावं? तेव्हा पोर्तुगीज म्हणजे समुद्रावरचे व्यापारी आणि आदिलशहाचे शत्रू. घोडा त्याने घेतला नसता तर विजापूरने घेतला असता आणि रायचूरला तोच घोडा त्याच्यावर आला असता. राज्य चालवणाऱ्याला हे बघावंच लागतं. त्याने लिहिलेल्या 'आमुक्तमाल्यद' या तेलुगू काव्यात राजनीतीच्या भागात स्पष्ट आहे: राजाने बंदरं सुधारावीत, परदेशचे घोडे, हत्ती, रत्नं, चंदन, मोती आपल्याकडे येतील असा व्यापार वाढवावा.

मांडवी तीर:

१५२० मध्ये १५६० दिसत नव्हतं, हे धरू. पण मग 'धर्मासाठीच लढला' हे वाक्यही धरता येत नाही. तो घोड्यासाठी, कृष्णा-तुंगभद्रेमधल्या दुआबासाठी, बंदरासाठी लढला. तसं लिहा आणि माझं भांडण संपलं.

रणभेरी:

दोन्हींसाठी लढला. यापुढे मी जाणार नाही.

गुंटूरची सून:

इथे मी फक्त वाचत असते, पण आमुक्तमाल्यदेचं नाव निघालं म्हणून लिहिते. मी सोलापूरची, लग्न होऊन गुंटूरला आले. कोंडवीडूचा किल्ला आमच्या घरापासून लांब नाही. सासूबाई तेलुगू शिकवायच्या शाळेत. त्यांना आमुक्तमाल्यदेचे पद्य तोंडपाठ. नव्या सुनेशी बोलायला विषय नव्हता तेव्हा त्यांनी मला त्यातल्या गोदादेवीची गोष्ट सांगायला सुरुवात केली, मी त्यांना जनाबाई सांगितली. आमची मैत्री तिथून झाली. आमच्या शेजारी बळ्ळारीचं कुटुंब आहे. राया तेलुगू की कन्नड यावरून सासरे आणि ते काका दर दिवाळीला भांडतात आणि माझा नवरा मध्ये बसून चहा देतो. त्यामुळे या राजावरून भांडण मला नवीन नाही.

तर धागाकर्त्यांनी विचारलेल्या गोष्टीबद्दल. राजनीतीच्या त्याच भागात राया कुळांबद्दल बोलतो. सासूबाईंनी अर्थ सांगितला तो असा. राज्य लहान असलं तरी तळी आणि कालवे बांधले, गरीब शेतकऱ्याला करात आणि वेठीत सवलत दिली, तर धर्म आणि संपत्ती दोन्ही वाढतात. आणि दुसरं पद्य फार बोचरं आहे. हाल सोसवेनासे झाले म्हणून रयत गाव सोडून निघाली असता जो अधिकारी तिला परत बोलावत नाही, उलट म्हणतो की बरं झालं, यांची गुरं विका, धान्य विका, घरांची लाकडं जाळायला घ्या, तो अधिकारी म्हणजे रणांगणावरचा कोल्हा. असा अधिकारी ज्याच्या पदरी आहे त्या राजाने सातही द्वीपं जिंकली तरी त्याचं भलं होत नाही.

हे सांगताना सासूबाईंचा आवाज दर वेळी चढायचा. त्यांच्या वडिलांनी कर्जापायी जमीन सोडली होती. त्यांना पोर्तुगीज प्रवासी माहीत नव्हते, राजानेच आपलं दुःख लिहून ठेवलं आहे असं त्यांना वाटायचं.

काळी माती:

ताई, तुम्ही लिहिलंत ते या धाग्यावरचं सगळ्यात मोलाचं.

रणभेरी, हे वाचा. रयत गाव सोडून पळत होती, तिची गुरं विकली जात होती, घरांची लाकडं जळत होती. परदेशी घोडेविक्याची साक्ष नको ना तुम्हाला? मग खुद्द राजाची घ्या. जे घडतच नव्हतं त्याबद्दल इतकं बारीक कोणी लिहील? लाकडं जाळायला न्यायची गोष्ट दरबारात बसून सुचत नाही, ती पाहिलेली किंवा कानावर आलेली असते.

रणभेरी:

आणि त्याच ओळीत तो त्या अधिकाऱ्याला कोल्हा म्हणतो, हे विसरू नका. राजाला कळत होतं, राग येत होता, कालवे बांधत होता, करात सवलत द्या म्हणत होता. तुमच्या नूनिझच्या चित्रात राजा आणि नायक एकाच माळेचे. या पद्यात राजा रयतेच्या बाजूला आहे.

काळी माती:

बाजूला होता हे मी नाकारत नाही. पण दोनशे नायक त्याचे होते, त्यांच्या फौजेवर त्याने कटक ते रायचूर मोहिमा काढल्या. कोल्ह्यांना कोल्हे म्हणून त्यांच्याच जोरावर लढायचं, यात रयतेच्या हाती काय आलं? राजाने फार तर दुःख ओळखलं. ओळखलेलं दुःख आणि मिटलेलं दुःख यात आमच्या आजोबांचं अख्खं आयुष्य गेलं.

शिलालेख वाचक:

कटकपर्यंत फौज पोचली की नाही यावर वाद आहे, सिंहाचलमपर्यंत लेख आहेत. एवढं दुरुस्त करते. बाकी तुमच्या बाजूने आहे. नऊ वाट्यांचा आकडा जसाच्या तसा मीही घेणार नाही, धान्याचा उतारा प्रांताप्रांतात वेगळा होता. पण नायकांनी भाग पिळून घेतला, पुढे तमिळ मुलखात नायक स्वतंत्र राजे होऊन बसले, हे काही एका व्यापाऱ्याच्या मनाचं नाही.

संडूरचा:

मामांना हे पद्य ऐकवायला हवं होतं. कालव्याच्या शेपटाच्या अर्जासोबत जोडलं असतं.

रणभेरी:

ठीक आहे. लेखात दोन भर घालतो. नूनिझचा उतारा, तो कधी लिहिला हे नोंदवून. आणि आमुक्तमाल्यदेचं पद्य पूर्ण. 'एकही माणूस उपाशी झोपला नाही' हे वाक्य काढतो, ते मी कुठेतरी वाचलं होतं आणि त्याला आधार सापडत नाही. 'सुवर्णयुग' राहील. ज्या राजाने अधिकाऱ्याला कोल्हा म्हणायची हिंमत केली त्याच्या काळाला मी दुसरं नाव देणार नाही. तालिकोटचं वाक्यही राहील.

काळी माती:

तालिकोटवर वेगळा धागा काढा, तिथे येतो. तिम्मरसूचे डोळेही लेखात घाला.

वाळवंटी टाळ:

आणि 'वाचवून नेली' ते?

रणभेरी:

ते राहणार.

वाळवंटी टाळ:

मग भानुदास महाराजांचं नावही त्याच वाक्यात घाला. देव परत कोणी आणला ते न सांगता नेणाऱ्याचं नाव छापू देणार नाही.

शिलालेख वाचक:

आणि त्याखाली माझी हरकत. महिपती, रामराजा, १५४२, सगळं. नावानिशी छापा.